देवचाराचा अळणी वाटा

राखणीच्या दिवशी सकाळपासून दाजींना फार बरं वाटत होतं, आणि पंचाईत नेमकी तीच होती.

डोकं हलकं. कानात गुणगुण नाही. विहिरीवर कळशा ओढल्या तरी धाप नाही. नवरात्रापासून चोंदलेलं नाकसुद्धा मोकळं झालं होतं, आणि त्या मोकळ्या नाकात निखाऱ्यावर भाजत घातलेल्या खाऱ्या बांगड्याचा वास असा शिरला होता की पडवीत बसल्या बसल्या दाजींनी आवंढा गिळला. बांगडा अर्थातच त्यांच्यासाठी नव्हता. तो मुंबईहून आलेल्या धाकट्या भावासाठी, गुरुदासासाठी होता. दाजींच्या वाट्याला पेज आणि अळणी भाजी, आणि तीसुद्धा सुगंधा अशा चेहऱ्याने वाढायची की आणखी काही मागायची नवऱ्याची छाती होऊ नये.

"ह्यां काय माणसाचा जेवाण?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "ह्यां तर देवचाराचा जेवाण!"

यात खोटं काही नव्हतं. देवबागच्या चिंचोळ्या वाळूवर, खाडीच्या अंगाला, उंडीच्या झाडाखाली दाजींच्या तांडेल घराण्याचा राखणदार देवचार राहत होता. वर्षातून एकदा त्याला राखण, म्हणजे कोंबडा, भाकरी, विडी आणि माडाची दारू द्यावी लागे. राज्यात दारूबंदी होती, पण ती देवचाराला लागू आहे असं अजून कुणी सरकारी माणूस सांगायला आला नव्हता. देवचाराच्या वाट्याची कोंबड्याची सागोती वेगळ्या मडक्यात शिजे आणि त्या मडक्यात मिठाचा खडा पडता कामा नये. देवचाराला मीठ चालत नाही. आता दाजींनाही चालत नव्हतं. इतक्या वर्षांच्या ओळखीत दोघांमध्ये सारखं असं हे पहिलंच काहीतरी निघालं होतं.

हे सगळं झालं एका शेंगटी माशामुळे. शेंगटीचा काटा बोटात मोडला म्हणून दाजी मालवणला डॉक्टर शिरसाटांकडे गेले होते. डॉक्टरांनी काटा काढला, आणि मग उगाच, हौस म्हणून वाटावं तसा दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला आणि पाऱ्याकडे बघितलं. पट्टा सोडत म्हणाले, "घरात कुणाला पक्षाघात वगैरे?"

दाजींची मान ताठ झाली. "म्हणजे काय!" ते कचेरीतल्या ठेवणीच्या मराठीत म्हणाले. "आमच्या घराण्यात तो पिढीजात आहे."

किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराण्याकडे मिरवायला काही ना काही होतं. कुणाकडे गंजलेली तलवार, कुणाकडे देवळातला पहिला मान. तांडेलांकडे शाप होता. दाजींचे आजोबा मचव्यावर सुकाणू धरून उभे होते ते तिथेच कोसळले. वडील न्हाणीच्या दगडावर पडले. दोघांचंही तोंड वाकडं, उजवं अंग गेलेलं. कारण राधाबाई आतेला ठाऊक होतं. आते म्हणजे दाजींच्या वडिलांची बहीण, बालपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घरातल्या शापाची एकमेव जाणकार. तिच्या सांगण्याप्रमाणे आजोबांनी एका राखणीला घाईघाईत देवचाराच्या मडक्यातच मिठाची मूठ टाकली होती. त्या दिवसापासून ह्या घरातला मोठा पुरुष पडतो.

डॉक्टरांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याला ब्लडप्रेशर म्हणतात. खारेपाटणच्या एका कापडवाल्याला आहे. एका पोस्टमास्तरला आहे. माझ्या सासूलाही आहे."

दाजींना हे फार लागलं. तीन पिढ्यांनी जपलेला शाप, आणि तो डॉक्टरच्या सासूला! त्यावर औषध काय, तर सर्पगंधेच्या मुळापासून केलेली तांदळाच्या कणीएवढी गोळी. नारळाएवढी असती तर निदान मान तरी राहिला असता. पण घरी आल्यावर सुगंधाने ती बाटली डॉक्टरांच्या हुकमासकट आपल्या ताब्यात घेतली, स्वयंपाकघरातली मिठाची बरणी शिंक्यावर चढवली, आणि रोज सकाळी दाजींच्या तळहातावर गोळी ठेवू लागली. गोळीने नाक चोंदलं, दुपारी झापड येऊ लागली, पण पारा उतरला. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, "आता छान आहे. असंच चालू ठेवा." दाजींनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकलं नाही.

मग गुरुदास आला. गुरुदास मुंबईच्या गोदीत नोकरीला. अंगाने जाडजूड, चेहरा लालबुंद, आवाज असा की बोलला की खाडीपलीकडचा माणूस वळून बघे. त्याने गोळीची बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला.

"दाजी, गोळी पण घेतंस आणि राखण पण देतंस?"

"मगे काय झाला?"

"अरे, तू बरो झालंस तर देवचार इचारतलो, ह्यां कोणी केलां? एक काम दोघांक सांगलंस तर दोघंय रागावतत. राखण होयपर्यंत ती गोळी बंद कर. आणि तसोय तू आता बरोच आसस. ताप उतरल्यार कोण औषध घेता काय?"

दाजींना हे बोलणं एकदम पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, कुणीतरी येऊन हे बोलावं म्हणून ते वाटच बघत होते. तेव्हापासून सुगंधाने दिलेली गोळी ते गालात धरत, वर घोटभर पाणी पीत, चूळ भरायच्या निमित्ताने बाहेर येत आणि विहिरीजवळच्या माडाच्या आळ्यात थुंकून टाकत. त्या माडाचं प्रेशर एव्हाना फारच उत्तम झालं असणार. वाऱ्यातसुद्धा तो जरा झोपाळल्यासारखा डुलतो, असं दाजींना हल्ली वाटायचं.

तर राखणीच्या दिवशी दाजी असे बांगड्याचा वास घेत बसलेले असताना खाडीवरून होडी आली आणि तिच्यातून डॉक्टर शिरसाट उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पट्टा-पाऱ्याची लाकडी पेटी. 

"डॉक्टर? आपण इकडे?"

"वहिनींनी कोंबड्याच्या जेवणाचं आमंत्रण पाठवलं होतं," डॉक्टर म्हणाले. "नाही म्हणण्यासारखं नव्हतं."

सुगंधा दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर पाहुणा आल्याचा आनंद होता, पण डोळे दाजींवर होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ह्या डोळ्यांचा अर्थ दाजींना कळायला हवा होता. त्यांना वाटलं, बांगडा करपतो आहे म्हणून ती अशी बघते.

"इलात तसे जेवणाआधी यांचो हात बगा," ती म्हणाली.

पडवीत सगळे जमले. आते खांबाला टेकून बसली. गुरुदास झोपाळ्यावर पाय हलवत. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, कानाला नळ्या लावल्या. पारा वर गेला आणि खाली येताना अशा ठिकाणी हलू लागला की दाजींनी स्वतःच दुसरीकडे बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग नळ्या काढल्या.

"दोनशेच्या वर आहे, दाजी. पहिल्या दिवसापेक्षा जास्त."

"बगलात?" गुरुदास झोपाळ्यावरून उठलाच. "गोळयेन काय जाता? शाप तो शाप!"

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी माझ्या हातान देतंय," सुगंधा म्हणाली. "रोज सकाळी. माझ्यासमोर पाणी पितत."

सगळे दाजींकडे बघू लागले. दाजींनी माडाकडे बघितलं. आयुष्यात त्यांनी वादळात मचवा हाकला होता, दोन वेळा कस्टमवाल्यांना चुकवलं होतं, पण त्या वेळी पळायला समुद्र तरी होता.

"तसं नाही, डॉक्टर," ते ठेवणीच्या मराठीत सुरू झाले, "म्हणजे गोळी मी मुखात घेतो. परंतु ती पुढे…" ठेवणीची मराठी इथे संपली. "माडाक घालतंय."

"कोणाक?"

"त्या माडाक. आळ्यात."

 डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आते म्हणाली, "म्हणान त्या माडाक यंदा बोंडां कमी इली." आणि एरवी कुणीतरी हसलं असतं, पण सुगंधा पदराने हात पुसत पडवीत येऊन बसली होती, खाली, दाजींच्या समोर.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर दाजींना बरं वाटलं असतं, कारण ओरडणाऱ्या माणसापुढे त्यांना उत्तर सुचायचं.

"मामंजी पडले तेव्हा मी नवी नवरी होतंय," ती म्हणाली. "हातातली हळद पण गेली नव्हती. दोन वर्सां ते बाजेर पडान होते. तेंका कुशीर कोण वळवी? मी आणि आते. तोंडातसून पेज भायर येय, ती कोण पुसी? तुमी तांडेल ना, तुमी मचव्यार. परत येवचात, वडलांच्या पायाक हात लावचात, रडाचात, आणि परत जावचात. शाप तुमच्या घराण्याचो म्हणान सगळ्या गावात सांगतात. पण पडलो तो गप पडान ऱ्हवता. भोगतलो कोण, तां कधी इचारलात?"

दाजींनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला. 

"आते," सुगंधा म्हणाली, "सांगा तुमी. तुमी तर बापाशीक उचललात आणि भावाशीक पण."

 म्हातारी गुरुदासाच्या बाजूची होती; शाप गेला तर तिच्याकडे उरणार काय होतं? तिने डॉक्टरकडे बघितलं आणि विचारलं, "तुमी ह्येंका मीठ कित्याक बंद केलात?"

"मिठाने प्रेशर वाढतं, आजी. ह्या रोगात मीठच वैरी."

"मीठ," आते म्हणाली. "आणि मी जल्मभर काय सांगतंय? मीठ पडला म्हणान शाप लागलो! माझा कोणी आयकला? आता मालवणचो डॉक्टर सांगता तेव्हा खरा!" ती खांबाचा आधार सोडून ताठ बसली. "देवचार आणि डॉक्टर एकच सांगतत. सुगंधा, मिठाची बरणी शिंक्यार ठेवलंस ती माझ्या खोलीत आणून ठेव. बगतंय कोण हात लावता तो."

गुरुदासाचा पक्ष एका वाक्यात फुटला. तो आतेकडे बघत राहिला, मग डॉक्टरांकडे.

"आणि ही गोळी किती दिवस?" त्याने जरा चढ्या आवाजात विचारलं.

"आयुष्यभर. हा ताप नव्हे, उतरला की संपला असा. दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच माणूस फसतो. तुमच्या भावांना आज फार बरं वाटत असेल, हो ना दाजी?"

"फारच बरं," दाजी खालच्या मानेने म्हणाले.

"गुरुदास, तुमचाही हात बघू या. सख्खे भाऊ तुम्ही. हे रक्तातून येतं."

"माका काय झाला?" गुरुदास एकदम मागे सरकला. "शाप मोठ्याक लागता. मी धाकटो. आते, सांग तेंका! शाप मोठ्याक लागता ना?"

आणि तिथे दाजींना ते कळलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, गुरुदास देवचाराची बाजू घेतो ती भक्तीने. तसं नव्हतं. शाप असला तर धाकटा सुटतो. रोग असला तर दोघेही एकाच होडीत. हा लालबुंद, मोठ्या आवाजाचा माणूस भ्यायलेला होता. वडील पडले तेव्हा न्हाणीत त्यांना पहिल्यांदा बघणारा पोरगा गुरुदासच होता. दाजींना एकदम त्याची दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली. भावाने स्वतःला वाचवायला जे शहाणपण सांगितलं, ते आपण खारा बांगडा डोळ्यांसमोर ठेवून मान्य केलं होतं.

"ऱ्हवांदे डॉक्टर," ते म्हणाले. "तो नाय म्हणता तर ऱ्हवांदे. आधी राखण उरकू."

दिवस कलताना पुरुषमंडळी उंडीखाली गेली. बायकांनी तिथे जायची रीत नाही, म्हणून सुगंधा आणि आते कुंपणापाशी उभ्या राहिल्या. दोन मडकी उतरवली. मोठ्या मडक्यात तिखट-मिठाची सागोती, लहानात देवचाराची अळणी. केळीच्या पानावर भाकरी, विडी, करवंटीत दारू. शेजारच्या घरचेही चार-पाच जण होते. डॉक्टर जरा लांब, पेटीवर बसले होते.

गाऱ्हाणं घालायचा मान दाजींचा. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा!" म्हणायचा मान गुरुदासाचा. त्याच्या आवाजात बाकीचे आपला आवाज मिळवतात. लहानपणापासून हे असंच चालत आलं होतं. त्याला मुंबईत रजा मिळाली नाही त्या वर्षी राखण अर्धी झाल्यासारखी वाटे. आणि उंडीखाली एकदा "व्हय म्हाराजा" म्हटलं, की तो शब्द झाला. देवबागच्या वाळूवर तो शब्द कुणी मोडल्याचं दाजींना आठवत नव्हतं. मचव्याची वाटणीसुद्धा अशीच झाली होती, वकिलाशिवाय.

दाजींनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि आवाज लावला.

"बा राखणदारा, म्हाराजा! तांडेलांची पोरां तुझ्या पायाकडे जमली आसत. वर्साची राखण गोड मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरुदास गर्जला, आणि मागून सगळे.

"वाडवडलांच्या हातसून जी चूक झाली, मिठाचो खडो पडलो, तो पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मी तुझो येडो लेकरू. गोळी दिली ती माडाक घातलंय. माड तुझोच, तेका सुखी ठेव. पण उद्यापासना ती गोळी माझ्या पोटात जावंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आवाजात हसू होतं. कुंपणापाशी बांगड्या वाजल्या.

"माझी बायल कुंपणाकडे उभी आसा. तिणा माका कुशीर वळवचो दीस तिच्या नशिबात आणू नको, म्हाराजा!"

हे म्हणताना दाजींचा आवाज फाटला. "व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली, जरा हळू. दाजींनी श्वास घेतला, डोळे मिटले, आणि थांबायला वेळ न देता त्याच चालीवर पुढचं म्हटलं.

"आणि माझो एकुलतो एक भाऊस, माझ्या पाठचो, तेचो हात आज आत्ता डॉक्टराच्या पट्ट्यात जावंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरुदास गर्जला.

मागून सगळे गर्जले. 

गुरुदासाचं तोंड उघडंच होतं. आयुष्यभराच्या सवयीने शब्द बाहेर पडला होता, आणि आता तो देवचारापाशी गेला होता. त्याने दाजींकडे बघितलं. त्या नजरेत शिव्या होत्या, एकाहून एक, मालवणी.

"दाजी, तुका लाज नाय."

"नाय," दाजी म्हणाले. "असती तर माडाक गोळी घातलंय असतंय?"

 गुरुदास जरा घुटमळला. मग सदऱ्याची बाही वर सारत डॉक्टरांकडे गेला आणि वाळूत त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. पट्टा त्याच्या दंडाला जेमतेम पुरला. फुगा दाबताना त्याने डोळे घट्ट मिटले होते, लहानपणी दाजी त्याच्या पायातला काटा काढायचे तेव्हा मिटायचा तसे. दाजी त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 

डॉक्टरांनी पारा बघितला. पुन्हा फुगा दाबला, पुन्हा बघितला.

"किती?" दाजींनी विचारलं.

"तुमच्याहून जास्त."

गुरुदासाने डोळे उघडले नाहीत. "बाबा पडले तेव्हा तेंचे डोळे उघडे होते," तो म्हणाला. एवढंच. मग त्याने पालथ्या हाताने नाक पुसलं.

"तू पडाचंस नाय," दाजी म्हणाले. "गोळी आसा. नाक चोंदता, झोप येता, पण आसा."

जेवणाची पानं मांडली गेली. मोठ्या मडक्यावरचं झाकण निघालं आणि लसणीचा, तिरफळाचा वास पसरला. शेजारच्यांची पानं वाढली. डॉक्टरांना तंगडी गेली. वाढणारा गुरुदासाच्या पानाशी आला तेव्हा दाजींनी पळी धरली.

"तेका नको. माका पण नको." त्यांनी लहान मडकं ओढलं. देवचाराचा वाटा पानावर काढून झाला होता, तळाशी थोडं उरलं होतं. ते त्यांनी दोन पानांवर अर्धं अर्धं वाढलं.

गुरुदासाने घास घेतला. चावला. बराच वेळ चावत राहिला.

"अळणी आसा, रे," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्हय," दाजी म्हणाले. "खाय."